हृदयाची रेघ वाचायला शिकवणारा माणूस

रात्रीचे दोन वाजलेत. सकाळी सबमिशन आहे म्हणून तुम्ही जागे आहात. बाबा पाणी प्यायला उठतात आणि स्वयंपाकघराच्या दारातच खुर्चीवर बसतात. एक हात छातीवर. कपाळावर घाम. विचारलं तर म्हणतात, काही नाही, गॅस झालाय, रात्रीची भाजी जड पडली असेल. आई ओव्याचा डबा काढते. सकाळी बघू, असं ठरतं.

दोस्तहो, इथेच थांबा. या क्षणी घरात कुणालाही कळणार नाही की हा गॅस आहे की हार्ट अटॅक. तुम्हाला नाही, बाबांना नाही, शेजारच्या काकांनाही नाही. पोटावर हात ठेवून कळणार नाही आणि नाडी धरूनही खात्री होणार नाही. पण जवळच्या हॉस्पिटलात गेलात, तर अंगाला दहा ठिकाणी तारा जोडून काही सेकंदांत एक गुलाबी चौकटींचा कागद बाहेर येतो. छातीत दुखत असलेला पेशंट दारात आला की पहिल्या १० मिनिटांत हा कागद काढायचा आणि डॉक्टरनं तो बघायचा, असा जगभरातला नियम आहे. पुढचा तास कसा जाणार, हे बऱ्याचदा त्या कागदावरच ठरतं.

तो कागद म्हणजे ईसीजी, इलेक्ट्रोकार्डिओग्राम. आणि ज्याच्यामुळे त्यावर विश्वास ठेवता येतो, तो माणूस म्हणजे विलेम आइंथोव्हेन. ईसीजी आपण सगळ्यांनी पाहिलाय, निदान सिनेमात तरी. हे नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. चला, आज त्याला भेटू या. जाता जाता तो कागद वाचतात कसा, तेही बघू.

जावा बेटावरचा मुलगा

विलेमचा जन्म २१ मे १८६० चा. जन्मगाव सेमारांग, जावा बेटावर. आज हा भाग इंडोनेशियात येतो, तेव्हा तिथं डचांचं राज्य होतं. वडील डॉक्टर होते. आधी लष्करात, नंतर गावात. विलेम सहा वर्षांचा असतानाच ते गेले. आईच्या पदरात सहा मुलं. काही वर्षं तिनं तिथंच काढली आणि १८७० मध्ये सगळं आवरून मुलांसह नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात येऊन राहिली. विलेम तेव्हा दहा वर्षांचा होता. ज्या देशाची भाषा तो बोलत होता, त्या देशात तो पहिल्यांदाच राहायला येत होता.

१८७८ मध्ये त्यानं उट्रेख्ट विद्यापीठात मेडिकलला प्रवेश घेतला. वडिलांसारखं डॉक्टर होऊन परत जावाकडं जायचं, असा सरळ बेत होता. पण हा पोरगा नुसता पुस्तकातला किडा नव्हता. कॉलेजात जिम्नॅस्टिक्स आणि तलवारबाजीच्या संघटनेचा तो अध्यक्ष होता, विद्यार्थ्यांचा रोइंग क्लब काढणाऱ्यांतही तो होता. जिममध्ये पडून एकदा त्याचं मनगट मोडलं. आपण असतो तर महिनाभर मोबाइल बघत पडलो असतो. या पठ्ठ्यानं काय करावं? हात वळतो कसा, त्यात कोपराच्या सांध्याचं काम काय, याचाच अभ्यास सुरू केला आणि त्यावर निबंध लिहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा तक्ता असतो ना, तो ज्यांनी तयार केला त्या स्नेलेन यांच्या हाताखाली त्यानं काम केलं. १८८५ मध्ये डॉक्टरेट मिळवली, तीही रंगांमुळे वस्तू जवळ किंवा लांब का भासतात, या विषयावर. काळ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लाल आणि निळी अक्षरं टाकून बघा. बऱ्याच जणांना लाल अक्षरं थोडी पुढं आल्यासारखी दिसतात. डोळ्याला जे दिसतं ते आणि खरं जे असतं ते, यांत फरक पडतो. तो फरक मोजायचा कसा, हा प्रश्न त्याच्या डोक्यात इथूनच शिरला असावा.

त्याच वर्षी लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि ती आइंथोव्हेनला मिळाली. वय वर्षं २५. आपल्याकडे या वयात अनेकांचं एमडीच्या प्रवेशाचं चाललेलं असतं. जावाला परतायचं राहूनच गेलं. पुढची चाळीसेक वर्षं, मरेपर्यंत, तो लायडनमध्येच राहिला.

पाऱ्याची चुकीची रेघ

हृदय आकुंचन पावण्याआधी त्याच्या स्नायूंतून विजेची एक लहर जाते, हे तेव्हा माहीत झालेलं होतं. पण ती लहर छाती न उघडता, बाहेरून टिपायची कशी? १८८७ मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञानं ते करून दाखवलं. त्याच्याकडे जिमी नावाचा बुलडॉग होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून वॉलर प्रात्यक्षिकं करायचा. त्यावरून पुढं ब्रिटिश संसदेत प्रश्नही विचारला गेला होता. १८८९ मध्ये बाझल शहरात शरीरक्रियाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं वॉलरचं प्रात्यक्षिक आइंथोव्हेननं पाहिलं.

वॉलरचं उपकरण साधं होतं. काचेची अगदी बारीक नळी, तिच्यात पारा आणि वर पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल. वीज आली की पाऱ्याची कड किंचित सरकायची आणि तिच्या सावलीचा फोटो घ्यायचा. अडचण एकच होती. पारा जड आणि आळशी. हृदयाची लहर येऊन जायची तरी पारा अजून वर चढतच असायचा. त्यामुळे फोटोत दिसायची ती हृदयाची रेघ नव्हे, पाऱ्यानं रखडत रखडत काढलेली तिची बिघडलेली नक्कल.

हृदयातली वीज बाहेरून टिपता येते, एवढ्यावर वॉलर समाधानी होता. दवाखान्यात हिचा फार काही उपयोग होईल, असं त्याला बरीच वर्षं वाटतही नव्हतं. आइंथोव्हेनला मात्र चैन पडेना. जे मोजतोय ते खरं आहे का, हा त्याचा प्रश्न. त्यानं पाऱ्याचा आळस किती, हे गणितानं काढलं आणि एकेका रेघेवर आकडेमोड करून, पारा आळशी नसता तर रेघ कशी दिसली असती, हे कागदावर उतरवलं. बिघडलेल्या रेघेच्या वळणांना ए, बी, सी, डी अशी नावं होती. सुधारलेल्या रेघेवर पाच वळणं दिसली. गोंधळ नको म्हणून त्यांना १८९५ मध्ये त्यानं वेगळी अक्षरं दिली: पी, क्यू, आर, एस, टी. आज गावोगावच्या हॉस्पिटलांत जी अक्षरं वापरतात, ती हीच.

थोडक्यात सांगायचं, तर पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून गेलेली लहर. क्यू, आर, एस मिळून खालच्या मोठ्या कप्प्यांतून गेलेली लहर. आणि टी म्हणजे तेच कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा पूर्वस्थितीला येताना उमटलेली खूण.

गणित मस्त जमलं. पण प्रत्येक पेशंटमागे इतकी आकडेमोड कोण करणार? मुळात खरी रेघ काढणारं उपकरणच हवं होतं.

केसाहून बारीक तार

आइंथोव्हेननं पारा सोडला आणि तार धरली. शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये एक अतिशय बारीक तार ताणायची. तिच्यातून हृदयाची वीज गेली की चुंबकामुळे तार बाजूला सरकेल. वीज जास्त तर सरकणं जास्त. तार जितकी हलकी, तितकी ती चपळ.

पण इतकी हलकी तार आणायची कुठून? क्वार्ट्झचा तुकडा बाणाच्या शेपटाला लावायचा, तो वितळेपर्यंत तापवायचा आणि धनुष्यातून बाण सोडायचा. बाण उडतो आणि मागे क्वार्ट्झचा धागा ओढला जातो, केसाच्या कितीतरी पट बारीक. मग त्यावर चांदीचा पातळ थर द्यायचा, म्हणजे त्यातून वीज वाहते. ही धनुष्याची युक्ती चार्ल्स बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाची होती. ती हृदयाच्या कामाला लावली आइंथोव्हेननं.

तार इवलीशी, पण तिच्याभोवतीचा डोलारा केवढा! चुंबक इतका तापायचा की तो पाण्यानं गार ठेवावा लागे. प्रखर दिव्याच्या प्रकाशात तारेची सावली भिंगांतून शेकडो पट मोठी करून सरकत्या फोटोच्या काचेवर पाडायची. सगळं मिळून यंत्राचं वजन २७० किलोच्या आसपास, दोन खोल्यांत पसारा आणि चालवायला पाच माणसं. पेशंट खुर्चीवर बसायचा, दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून. आज हेच काम शाळेच्या दप्तराएवढं मशीन करतं.

१९०१ मध्ये त्यानं या तारेच्या गॅल्व्हनॉमीटरबद्दल पहिल्यांदा लिहिलं आणि १९०३ मध्ये सविस्तर. तारेनं काढलेली रेघ त्यानं आपल्या जुन्या, गणितानं सुधारलेल्या रेघेशेजारी ठेवली. दोन्ही जुळल्या. आठ वर्षांपूर्वी जे आकडेमोडीतून काढलं होतं, तेच आता कुठल्याही दुरुस्तीशिवाय समोर उमटत होतं. कॉलेजात प्रॅक्टिकलचं रीडिंग उत्तराशी जुळावं म्हणून आपण काय काय करतो, ते आठवा. इथं दोन वेगळ्या वाटांनी आलेलं उत्तर आपोआप एक निघालं होतं.

आणखी एक गोष्ट त्यानं पक्की केली, ती म्हणजे माप. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकणार आणि एक मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर उंची. त्यामुळे आडवी एक छोटी चौकट ०.०४ सेकंदाची, मोठी ०.२ सेकंदाची. लायडन असो, लंडन असो की आज लातूर, मोजपट्टी तीच. माप सगळीकडे एकच असल्यामुळे एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणचा डॉक्टर वाचू शकतो.

दीड किलोमीटरवरचा पेशंट

आता पंचाईत बघा. यंत्र प्रयोगशाळेत, ते हलवता येत नाही. पेशंट हॉस्पिटलात, त्यांनाही हलवता येत नाही. दोघांत अंतर दीड किलोमीटरचं. आइंथोव्हेननं मधून टेलिफोनची तार ओढली. पेशंटचे हात-पाय हॉस्पिटलातल्या मिठाच्या पाण्यात, आणि त्याच्या हृदयाची रेघ उमटते प्रयोगशाळेत. मार्च १९०५ मध्ये पहिला प्रयोग झाला, तो एका धडधाकट माणसावर. त्याच्या रेघेतलं आरचं टोक भलतंच उंच आलं. तो प्रयोगशाळेतून हॉस्पिटलपर्यंत सायकल मारत गेला होता, म्हणून असं झालं, असा अर्थ तेव्हा लावला गेला.

आज तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला ईसीजी मोबाइलवरून शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो आणि काही मिनिटांत उत्तर येतं. त्याची सुरुवात या दीड किलोमीटरच्या तारेत आहे.

या तारेवरून आलेल्या रेघांतून त्यानं १९०६ मध्ये निरोगी आणि आजारी हृदयांचे ईसीजी शेजारी शेजारी मांडले. कप्पे जाड झालेलं हृदय, मध्येच जादा ठोका टाकणारं हृदय, वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा संपर्क तुटलेलं हृदय. आपल्याला वाटतं, डॉक्टर लोक रोग पाठ करतात. आइंथोव्हेनची रीत उलटी होती. आधी निरोगी रेघ इतकी नीट ओळखायची, की तिच्यातला छोटासा फरकही डोळ्यांत भरला पाहिजे.

१९१२ मध्ये त्यानं लंडनच्या डॉक्टरांपुढे आपला प्रसिद्ध त्रिकोण मांडला. उजवा हात, डावा हात आणि डावा पाय हे तीन कोन, मध्ये हृदय. दोन हातांमधला फरक म्हणजे लीड १, उजवा हात आणि पाय यांच्यातला लीड २, डावा हात आणि पाय यांच्यातला लीड ३. कुठल्याही क्षणी लीड १ आणि लीड ३ यांची बेरीज लीड २ इतकी यायला हवी. म्हणजे कागद स्वतःच स्वतःचा हिशोब दाखवतो. घाईत हातांच्या वायरी उलटसुलट लागल्या, तर लीड १ मधली रेघ उलटी होते. जाणत्या डॉक्टरला पेशंट बघण्याआधीच कळतं की गडबड वायरीत आहे.

एसटी वर गेली म्हणजे काय झालं?

आता मुख्य मुद्दा, छातीतलं दुखणं. गंमत म्हणजे आइंथोव्हेननं यंत्र बनवलं तेव्हा हार्ट अटॅक हे जिवंत माणसात ओळखायचं दुखणंच मानलं जात नव्हतं. हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी अचानक बंद झाली की माणूस गेलाच, असा बहुतेकांचा समज होता. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखवलं की तसं नाही, असे पेशंट वाचूही शकतात. पुढं त्यांचे सहकारी फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या रक्तवाहिन्या बांधून ईसीजी कसा बदलतो ते पाहिलं. आणि १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड पार्डी यांनी हार्ट अटॅक आलेल्या माणसाच्या ईसीजीतली ती खूण टिपली, जिच्याकडे आज प्रत्येक इमर्जन्सी डॉक्टरची नजर आधी जाते: एसटी वर उचलली जाणं.

एसटी म्हणजे आपला लाल डबा नव्हे बरं का! एस संपल्यापासून टी सुरू होईपर्यंतचा तो छोटा सपाट तुकडा. तो सपाट का असतो? कारण त्या वेळी खालच्या कप्प्यांचा सगळा स्नायू एकाच विद्युत अवस्थेत असतो. फरक नाही म्हणून वीज वाहत नाही, म्हणून रेघ सपाट. पण एखादी रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की तिच्या वाट्याचा स्नायू उपाशी पडतो. त्याची अवस्था शेजारच्या निरोगी स्नायूहून वेगळी होते. फरक आला, वीज वाहू लागली, आणि सपाट तुकडा वर उचलला गेला.

हा बदल कुठल्या लीडमध्ये दिसतो, त्यावरून जागा कळते. आइंथोव्हेनच्या तीन लीड म्हणजे हृदयाकडे बघायच्या तीन खिडक्या. त्याच्यानंतर खिडक्या वाढल्या. १९३० च्या दशकात फ्रँक विल्सन आणि इतरांच्या कामातून छातीवरच्या व्ही १ ते व्ही ६ आल्या, १९४२ मध्ये इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या आणखी तीन दिल्या. एकूण १२.

समजा, कागद आला. डॉक्टर काय बघतात? आधी नाव, वेळ आणि माप बरोबर आहे ना. मग ठोक्यांचा वेग आणि ताल. दोन आर टोकांमध्ये किती मोठ्या चौकटी आहेत ते मोजायचं आणि ३०० ला त्यानं भागायचं. चार चौकटी असतील तर मिनिटाला ७५ ठोके. मग एसटी. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये ती वर गेली असेल, तर हृदयाची खालची भिंत धोक्यात आहे. व्ही १ ते व्ही ४ मध्ये असेल, तर पुढची. लीड १, एव्हीएल, व्ही ५ आणि व्ही ६ मध्ये असेल, तर डावी बाजू. एकाच लीडवर भागत नाही, निदान दोन शेजारी लीड तेच सांगायला हव्यात. समोरच्या बाजूच्या लीडमध्ये एसटी खाली गेलेली दिसली, तर संशय आणखी पक्का होतो. खालची भिंत असेल तर छातीच्या उजव्या बाजूलाही इलेक्ट्रोड लावून बघतात. व्ही १ ते व्ही ३ मध्ये एसटी नुसती खाली गेलेली असेल, तर दुखणं मागच्या भिंतीत लपलेलं असू शकतं, म्हणून पाठीवर इलेक्ट्रोड लावतात.

खूण पक्की दिसली की घड्याळाशी शर्यत. सोय असेल तिथं लगेच अँजिओप्लास्टी, सोय लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल, तितका स्नायू वाचतो. मेलेला स्नायू नंतर परत येत नाही.

एकच कागद पुरेसा नाही

इथं एक सावधगिरी. एसटी वर म्हणजे दर वेळी हार्ट अटॅकच असं नाही. तुमच्या वयाच्या धडधाकट मुलांच्या व्ही २, व्ही ३ मध्ये ती मुळातच थोडी वर असते. म्हणून तिथं वय आणि लिंग बघून वेगवेगळी मर्यादा धरतात. हृदयाच्या आवरणाला सूज आली तर ती जवळजवळ सगळ्या लीडमध्ये वर जाते.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हार्ट अटॅक नाही, असं अजिबात नाही. ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांचा फोटो. गुठळी अर्धवट अडकलेली असेल, कधी बंद कधी उघडी होत असेल, तर फोटो साफ येऊ शकतो. म्हणून दुखणं चालूच असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन तपासतात. स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं, तेही काही तासांनी, म्हणून ती तपासणीसुद्धा पुन्हा करावी लागते. मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना आणि बऱ्याच बायकांना छातीत कळ न येता नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते. आईच्या बाबतीत हे विसरू नका. ती तर दुखतंय हेच सांगत नाही.

हे वाचून तुम्ही घरी ईसीजी वाचायचा नाही, हेही सांगून ठेवतो. वाचणं डॉक्टरांचं काम. तुमचं काम कागद वेळेत निघेल हे बघणं.

शेवटचा संदेश जावाहून

१९२४ मध्ये आइंथोव्हेनला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा तो अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होता. त्याच्या यंत्रावर हॉस्पिटलात सगळ्यात जास्त काम केलं ते लंडनच्या थॉमस लुईस यांनी, आणि हे आइंथोव्हेन मोकळेपणानं मान्य करायचा. आणखी एक गोष्ट सांगतात. यंत्र बांधताना वर्षानुवर्षं राबलेल्या आपल्या मदतनिसाला बक्षिसातला वाटा द्यावा, असं त्याच्या मनात होतं. चौकशी केली तर तो वारलेला होता. त्याच्या दोन बहिणी हलाखीत दिवस काढत होत्या. आइंथोव्हेननं निम्मी रक्कम त्यांना दिली.

शेवटची वर्षं तो पुन्हा तारेकडे वळला. इंजिनिअर झालेल्या मुलाबरोबर त्यानं ती निर्वात जागेत बसवली, म्हणजे ती आणखी चपळ झाली. हृदयासाठी बनवलेली तार आता रेडिओचे संदेश टिपू लागली, आणि ते संदेश येत होते जावाहून. जिथं जन्म झाला, जिथं वडील गेले आणि जिथं परतायचं राहून गेलं, त्याच बेटावरून.

२९ सप्टेंबर १९२७ रोजी, बराच काळ आजारी राहून, तो लायडनमध्ये वारला. वय ६७. जवळच्या उखस्टगेस्ट गावात त्याची कबर आहे.

आता तुमच्यासाठी दोन कामं. पहिलं, या रविवारी घरातली फाइल काढा. आई-बाबांचा, आजी-आजोबांचा जुना ईसीजी सापडला तर त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. छातीत दुखत असताना आलेला नवा कागद जुन्याशेजारी ठेवता आला, तर कुठला बदल आजचा आणि कुठला जुनाच, हे डॉक्टरांना चटकन कळतं. आधी त्या माणसाची नेहमीची रेघ ओळखा, हीच तर आइंथोव्हेनची रीत.

दुसरं काम रात्री दोनचं. छातीत दाब, घाम, दम, आणि विश्रांती घेऊनही थांबत नाही, असं दिसलं तर ओव्याचा डबा बाजूला ठेवा. सकाळची वाट बघू नका, बाबांना स्वतः गाडी चालवू देऊ नका. १०८ ला फोन लावा किंवा जवळच्या ईसीजीची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या. बाबा चिडतील, उगाच खर्च म्हणतील. चिडू द्या. कागद नॉर्मल आला, दुसराही नॉर्मल आला, रक्ततपासणीही ठीक आली आणि डॉक्टरांनीच गॅस म्हणून सांगितलं, तर घरी येऊन सगळे मिळून हसा. सबमिशन एक दिवस उशिरा दिलं तरी चालतं.